चुकून झालेला मतदारसंघ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. निवडणुकीच्या कामातले गमतीदार अनुभव लिहून द्या म्हणाले. त्यांच्या त्या 'गमतीदार'वरूनच मी ओळखलं की या गृहस्थांना आयुष्यात कधी निवडणूक ड्युटी लागलेली नाही. किस्से माझ्याकडे आहेत. मतदान केंद्रात शिरलेला बैल, शाई उजव्या हाताच्या बोटालाच लावा म्हणून हटून बसलेले आजोबा, दोन्ही उमेदवार नात्यातले म्हणून दोघांचीही बटणं दाबू द्या म्हणणारी बाई. हे सगळं मी हळदीकुंकवाला कितीतरी वर्षं सांगत आले आहे. लिहायला बसले की मात्र यातलं काहीच पुढे येत नाही. पुढे येतो तो एक मतदारसंघ, जो एकच टर्म जगला आणि नंतर पुसला गेला. करंजकोंड गट त्याचं नाव. त्याच्याविषयी लिहिताना मला हसू येत नाही, राग येतो. निवृत्त झाल्यावर तरी तो लपवायचं काही कारण उरलेलं नाही.

मी महाडची. नोकरी महसूल खात्यात आणि त्यातली बहुतेक वर्षं महाड-पोलादपूर भागातल्या निवडणूक शाखेत. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून सुटले. निवडणूक शाखा म्हणजे कार्यालयातली सगळ्यात कोपऱ्यातली खोली. एरवी बाकीच्या शाखांना वाटतं आम्ही माश्या मारत बसतो. निवडणूक लागली की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे आमच्या दारात. त्यातही मोठी गर्दी ड्युटी रद्द करून मागणाऱ्यांची. निवडणूक जाहीर झाली की तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांची कंबर त्याच आठवड्यात धरायची. एका मास्तरांनी तर दाखला आणला, तो बायकोच्या बाळंतपणाचा, आणि पत्नी स्वतः आदल्याच दिवशी माझ्यासमोर ड्युटीचं प्रशिक्षण घेऊन गेली होती, ठणठणीत. मी दोघांनाही एकाच केंद्रावर टाकलं.

आता थोडं कामाविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिल्हा परिषदेचा सदस्य ज्या भागातून निवडून येतो, त्या मतदारसंघाला आमच्याकडे गट म्हणतात. सदस्याला गावात कुणी सदस्य म्हणत नाही, मेंबर म्हणतात. खेड्यातला रस्ता, मोरी, शाळेची खोली हे सगळं मेंबरच्या हातून होतं, त्यामुळे आमदार कुणाला भेटला नाही तरी चालतं, मेंबर भेटावा लागतो. निवडणुकीआधी लोकसंख्या पाहून गट नव्याने आखतात. नियम कागदावर सोपे आहेत. जनगणनेचा आकडा धरायचा, गाव फोडायचं नाही, नदी किंवा डोंगराची धार होता होईतो ओलांडायची नाही, उत्तरेकडून सुरुवात करून नागमोडी दक्षिणेला यायचं. गटातल्या सगळ्यात मोठ्या गावाचं नाव गटाला द्यायचं. मग प्रारूप प्रसिद्ध होतं, लोक हरकती घेतात, सुनावणी होते आणि शेवटची आखणी जाहीर होते.

पोलादपूरच्या डोंगरात आलं की यातलं काहीच सोपं राहत नाही. नकाशावर बोटभर अंतरावरची दोन गावं प्रत्यक्षात एकमेकांकडे पाठ करून बसलेली असतात. मधे दरी. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर आधी पोलादपूरला उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा चढायचं. हे वरच्यांना कितीदा कळवलं तरी त्यांच्या नकाशात दरी उमटत नाही.

हरकतींचे दिवस म्हणजे आमच्याकडे जत्राच. एकाचं घर एका गावात आणि ओढ्यापलीकडचा गोठा दुसऱ्या गावच्या हद्दीत. आखणीत दोन्ही गावं वेगवेगळ्या गटांत गेली होती. मी एकाचा मतदार आणि माझ्या म्हशी दुसऱ्याच्या, हे कसं चालेल, असं ते गंभीरपणे विचारत होते. एका सरपंचांची हरकत एवढीच की गटाला शेजारच्या गावाचं नाव दिलं आहे. कारण विचारलं तर कळलं, ती त्यांची सासुरवाडी. पाच वर्षं घरात ऐकून घ्यावं लागेल, म्हणाले. त्यांची हरकत फेटाळली गेली आणि पुढची पाच वर्षं ते मला भेटले की मान वळवून जात.

आता त्या शब्दाकडे येते. आमच्या रायगडात पुष्कळ गावांच्या नावापुढे 'तर्फे' लागतं. बाहेरून बदलून आलेल्या साहेबांना पहिले काही दिवस वाटतं, कुणाच्या तरी तर्फे अर्ज आला आहे. तर्फ हा जुन्या काळचा महसुली भाग. एकाच नावाची दोन गावं असली की ती पुढच्या तर्फेवरून ओळखायची. करंजकोंड अशी दोन आहेत. एक करंजकोंड तर्फे आसणे. ते महाड तालुक्यात, औद्योगिक वसाहतीला चिकटून. तिथे शेतं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त. पाळ्यांवर जाणारे कामगार, त्यांच्या मोटरसायकली, वाळत घातलेले युनिफॉर्म. दुसरं करंजकोंड तर्फे घोळवण. ते पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या अंगाला. खाली भातशेतीचं मूळ गाव आणि वर डोंगरात विखुरलेल्या वाड्या, म्हशी पाळणाऱ्या आणि नाचणी-वरी करणाऱ्या घरांच्या. सगळ्यात वरची माचवाडी.

बोलताना आणि लिहितानाही लोक नुसतं करंजकोंड म्हणतात. आमच्याकडे ते चालून जातं, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत असतात. पण एका आखणीच्या वेळी तक्ता करताना कुणीतरी तर्फे आणि त्यापुढचा शब्द गाळला. रकान्यात मावला नसेल. झालं असं की खालच्या, म्हणजे महाडकडच्या करंजकोंडची माणसं, त्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांसकट, वरच्या करंजकोंडच्या नावावर पडली. हे नेमकं कुठल्या टेबलावर घडलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. सरकारात टेबलं एकमेकांकडे बोट दाखवण्यात तरबेज असतात.

डोंगरातलं गाव असं एका फटक्यात फुगलं. त्या फुगवट्यामुळे तालुक्याला एक गट जास्तीचा मिळाला आणि सगळ्यात मोठं गाव म्हणून नावही त्याचंच लागलं. करंजकोंड गट.

आधीच्या एका निवडणुकीत मी त्या गावात मतदान पथक घेऊन गेले होते. खिंडीपर्यंत जीप, पुढे पायवाट. यंत्राची पेटी पोलीस आणि कोतवाल आळीपाळीने डोक्यावर घ्यायचे आणि मी मागून साडी सावरत, देवाचं नाव घेत. तक्त्यात दाखवली होती तेवढी माणसं तिथे राहत असती, तर दिवसभरात निदान मला बसायला एक धड खुर्ची मिळाली असती. प्रारूप हातात आल्याबरोबर मी तेव्हाच्या साहेबांकडे गेले आणि ही चूक आहे असं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. प्रसिद्ध झालं आहे, आता हरकत आली तर बघू, म्हणाले. मी तशी टिपणी फायलीला लावली आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

हरकत आली नाही. वरच्या करंजकोंडवाल्यांना कशाला हरकत असेल? खालच्यांच्या हे गावीही नव्हतं. आणि ज्यांनी नक्की घेतली असती, त्या अण्णांनी मनात वेगळाच हिशेब मांडला होता. अण्णा म्हणजे महामार्गाच्या बाजूचे पुढारी. त्यांच्या घरात मेंबरकी पूर्वीपासूनची. एकाचे दोन गट झाले म्हणजे एकात आपण आणि दुसऱ्यात घरातलं कुणीतरी, असं त्यांना वाटलं. आरक्षणाच्या सोडतीत नवा गट मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी निघाला, तेव्हा तर अण्णांनी पेढे वाटले. त्यांच्या वहिनी त्यात बसत होत्या.

पण डोंगरातल्या लोकांनी एक साधी गोष्ट धरून ठेवली. गटाला नाव आपल्या गावाचं आहे, म्हणजे मेंबर आपला हवा. नियमात याला काही आधार नाही. नाव कुणाचंही असो, कुणीही उभं राहू शकतं. त्यांना मात्र ते इतकं उघड वाटलं की वाड्यावाड्यांत बैठका झाल्या आणि माचवाडीची सोनाबाई उभी राहिली.

अर्ज भरायला ती आली तो दिवस मला आठवतो. चाळिशी ओलांडलेली, काटक, डोक्यावर पदर आणि आवाज दरीपलीकडे हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा. आमच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत तिने नाव सांगितलं तेव्हा शेजारच्या शाखेतले लोक डोकावून गेले. अण्णांच्या माणसांनी प्रचारात तिला म्हशीवाली म्हणून हिणवलं. शेजारच्या गावांतल्या वाड्याही म्हशीच पाळत होत्या, त्यामुळे ते हिणवणं अण्णांच्या अंगाशी आलं. सोनाबाई थोडक्यात का होईना, निवडून आली.

निकालानंतर काही दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं सहीचं काही राहिलं असेल. ती बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाय, मेंबरीण झाले. आता रस्ता कोनाकडं मागायचा ता सांग."

तिला रस्ता का हवा होता, तेही तिने तेव्हाच सांगितलं. माचवाडीत दूध भरपूर, पण डोक्यावरून खाली नेईपर्यंत ते टिकत नसे. मग ते आटवायचं, खवा नाहीतर तूप करायचं आणि पोलादपूरला जाऊन व्यापारी म्हणेल त्या भावाला टाकायचं. तिचा एकुलता मुलगा गणपत म्हशी सोडून वसाहतीत ठेकेदाराकडे लागला होता. केमिकलच्या गोण्या उचलायचा. पाळीला जाणं जमावं म्हणून खालीच खोली घेऊन राहायचा. सणाला घरी आला की रात्रभर खोकायचा, असं तिने सांगितलं. गाडी वाडीत आली, दूध दूध म्हणून विकलं गेलं, तर तो परत येणार होता. तसं त्याने कबूल केलं होतं. वाडीत अशी आणखीही घरं होती. सोनाबाईला मेंबरकी हवी होती ती एवढ्यासाठीच, आणि तिने ते कधी लपवलं नाही.

रस्ता मागणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. तिच्या पणजोबांच्या आधीपासून लोक ज्या वाटेने ये-जा करत होते, ती सरकारच्या दृष्टीने वाट नव्हती, कारण तिला क्रमांक नव्हता. क्रमांक मिळायला ग्रामपंचायतीचा ठराव, मग आराखडा, मग मोजणी. मधे थोडं जंगल, म्हणून वनखात्याची परवानगी. या प्रत्येक ठिकाणी माणसाला वाटून जातं की आपण उगाच आलो. सोनाबाईला तसं वाटत नसे. पहाटे वाडीतून निघायची, खिंडीतून उतरून एसटी पकडायची, जिल्ह्याच्या ठिकाणी सभेला जायची आणि येताना कुठल्या कागदाने कुठे मुक्काम ठोकला आहे ते मला विचारून जायची. माझ्या शाखेचा रस्त्यांशी काहीएक संबंध नव्हता. पण तिने मला एकदा विचारलं आणि मग मीच तिची विचारायची जागा ठरून गेले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तिच्या टर्ममध्ये रस्ता झाला, पण खिंडीपर्यंत. तिथवर जीप जात होती ती कच्च्या वाटेने, फक्त उन्हाळ्यात. आता मोरी झाली, खडी पडली, डांबर पडलं. खिंडीपासून माचवाडीपर्यंतचा तुकडा पुढच्या टप्प्यात, असं ठरलं. मतदार यादीच्या कामाला मी त्या रस्त्याने गेले, तेव्हा खिंडीत दुधाचा टेंपो उभा होता. वाडीतल्या बाया डोक्यावरून कॅन आणून त्यात ओतून घेत होत्या. सोनाबाई टेंपोवाल्याशी मापावरून भांडत होती. मला बघून भांडण अर्धं टाकून आली आणि मला हाताला धरून डांबरावर उभं केलं, जसं काही घराचं जोतं दाखवते आहे. गणपत आता दर सुट्टीला वर येत होता. वरचा तुकडा झाला की नोकरी सोडतो, म्हणाला होता.

तोवर पुढची आखणी आली. आणि ज्यांना मागच्या खेपेला काही दिसलं नव्हतं, त्यांची नजर एकदम साफ झाली.

अण्णांनी माहितीच्या अधिकारात जुनी फाईल काढली आणि त्यात माझी टिपणी सापडली. साहेब तोपर्यंत बदललेले. नव्या साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर माझं नाव घेतलं. काम असं डोळ्यांत तेल घालून करावं, म्हणाले. टाळ्या झाल्या. माझ्या अख्ख्या नोकरीत माझं एवढं कौतुक आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. त्या दिवशी मी डबा न उघडता घरी नेला.

हिशेब दुरुस्त झाला. दोन्ही करंजकोंडांपुढे तर्फे ठळक अक्षरांत छापून आलं. तालुक्याचा जास्तीचा गट गेला आणि वरचं करंजकोंड अण्णांच्या गटाला जोडलं गेलं. नियमाने पाहिलं तर ते बरोबर होतं, आणि ते मी कुणाहीपुढे मान्य करीन. पण कचेरीत मी अशा किती चुका पाहिल्या, ज्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहिल्या, कारण त्या कुणा वजनदार माणसाच्या सोयीच्या होत्या. जिवंत माणसं मेलेली दाखवली गेली आणि जिवंत व्हायला त्यांना हेलपाटे घालावे लागले. ही एकच चूक सगळ्यांनी मिळून, धावपळ करून, मुदतीच्या आत दुरुस्त केली.

सोनाबाईने हरकत घेतली. ती लिहून मी दिली. सरकारी नोकराने असं करायचं नसतं, मी केलं. सुनावणीला तिच्या बरोबर वाडीतले चारपाच जण आले होते आणि मी कार्यालयाच्या वतीने कागद घेऊन बसले होते, म्हणजे समोरच्या बाजूला. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, मागच्या वेळी तुमचा गट चुकून झाला होता. दुसऱ्या गावाची माणसं तुमच्या नावावर पडली होती. आता ते बरोबर केलं आहे.

सोनाबाईने विचार केला. तिला हे पहिल्यांदाच कुणीतरी सरळ सांगत होतं. अण्णांची माणसं तिला 'चुकीची मेंबरीण' म्हणायला लागली होती, पण ती शिवी आहे असंच ती समजून चालली होती.

"साहेब, गट चुकून झाला आसंल," ती म्हणाली. "आमी चुकून झालो नाय. आमी हाव तितं. खिंडीपुढचा तुकडा तेवढा करून द्या, मंग गट खुशाल न्या."

अधिकाऱ्यांनी सांगितलं, रस्त्याचा विषय या सुनावणीत येत नाही. त्यासाठी बांधकाम विभागाकडे जायला हवं. ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कागद पुढे केला आणि त्यांनी त्यावर हरकत अमान्य असं लिहिलं. बाहेर येऊन सोनाबाईने मला विचारलं की आता बांधकामवाल्यांकडे जायचं ना. मी हो म्हटलं. तिने लगेच जायचं ठरवलं. तिचे हेलपाटे चालू असतानाच निवडणूक होऊन गेली आणि बांधकामवाल्यांनी तिला सांगितलं, आता नव्या मेंबरची शिफारस आणा.

नवा मेंबर अण्णाच. ती त्यांच्याकडेही गेली. याचं मला फार वाईट वाटलं. ज्या घराला तिने हरवलं, त्या घराच्या पडवीत जाऊन बसली. अण्णांनी चहा दिला, करू म्हणाले. पुढे दर सभेला ते करूच म्हणत राहिले. त्यांच्या माणसांनी नंतर मोकळेपणी सांगितलं की वरच्या वाड्यांची मतं ती किती, तेवढ्यासाठी डोंगरात पैसा घालायचा तर महामार्गाच्या बाजूची गावं काय म्हणतील. मतं कमी, हे आम्हीच तर छापून दिलं होतं.

पुढे एका पावसाळ्यात खिंडीखालची मोरी वाहून गेली. दुरुस्तीचा कागद फिरत राहिला. दुधाचा टेंपो यायचा बंद झाला. गणपत सुट्टीला वर येईनासा झाला, खोकला मात्र वाढला. वाडीतली घरं एकेक करून उतरायला लागली, कुणी मुंबईला, कुणी वसाहतीत. मी यादी दुरुस्त करायची. स्थलांतरित, स्थलांतरित असं लिहीत जायची. मतदार कमी झाले म्हणून वरचं मतदान केंद्र बंद करून खालच्या गावच्या शाळेत नेलं. कागदावर त्याला सुसूत्रीकरण म्हणतात. आता म्हाताऱ्यांना मत द्यायला अख्खा डोंगर उतरावा लागणार होता. त्यांनी मतं दिली नाहीत, आणि पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की तिथे मतदानाची टक्केवारीच नाही, लोकांना उत्साहच नाही. मी त्या बैठकीत होते. मी काही बोलले नाही, कारण निवृत्ती जवळ आली होती आणि बोलून काय झालं ते मी आधी पाहिलेलं होतं.

मग अण्णांची ती मुदतही संपली आणि जिल्हा परिषदेची निवडणूकच होईना. आमच्याकडे कितीतरी काळ मेंबर नावाचा माणूस नव्हता, प्रशासक होते. त्या दिवसांत सोनाबाई एकदा महाडला माझ्या घरी आली. रस्ता आता कुणाकडे मागायचा, असं तिने विचारलं. आवाज पहिल्यासारखाच होता. मी प्रशासक म्हणजे कोण ते समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिला पटलं नाही. असा माणूस कसा असेल ज्याला कुणी निवडलेलंच नाही आणि तरी रस्ता त्याच्याच हातात आहे, असं तिचं म्हणणं. माझं पण तेच म्हणणं होतं, पण मी ते सरकारी भाषेत ऐकायला शिकले होते. आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. मग मी निवृत्त झाले. मला नारळ दिला, शाल दिली आणि भाषणात त्या टिपणीचा उल्लेख पुन्हा एकदा झाला.

आता निवडणूक झाली. मेंबर पुन्हा आले. मी मतदान केंद्रावर फक्त मत द्यायला गेले, आणि रांगेत उभं राहताना पाय दुखतात हे मला नोकरीत कधी कळलं नव्हतं, ते कळलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी महाडच्या बाजारात भाजी घेताना मागून कुणीतरी हाक मारली. बाजारातल्या निम्म्या लोकांनी वळून बघितलं, त्यावरून मी ओळखलं कोण ते. सोनाबाई. केस पांढरे झालेले, पण ताठ. मी तिला शेजारच्या हॉटेलात नेलं, चहा सांगितला. वाडीचं विचारलं. ती चहा बशीत ओतत म्हणाली की रस्ता झाला.

मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरला. खिंडीपासून वरपर्यंत, डांबरासकट, मोरी नव्याने बांधून, एका उन्हाळ्यात. मी विचारलं, अण्णांनी केला? ती हसली. माचवाडीच्या पलीकडच्या उतारावर, जिथून घाट दिसतो, तिथली जमीन पुण्याच्या काही मंडळींनी घेतली होती. बंगले बांधायचे आहेत. फाटक लागलं, फलक लागला. त्यांना गाडी वर न्यायची होती. मेंबर नव्हता त्या दिवसांतही शिफारस लगेच मिळाली, वनखात्याची परवानगी मिळाली, आराखड्यात जागा मिळाली. रस्ता वाडीच्या अगदी दारातून जातो.

मी म्हटलं, मग आता दूध? गणपत आला वर?

तिने बशी खाली ठेवली. गणपतला डॉक्टरांनी गोण्या उचलायला बंदी केली होती आणि सून एकटी पुरी पडत नव्हती. वाडीत उरलेली घरं तिच्यासारखीच, म्हाताऱ्यांची. म्हशी राखायला कुणी नाही. ती आता खाली मुलाच्या खोलीवर राहते. हे तिने सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी उगाचच विचारलं की एवढा रस्ता केला, तर वर कुणी उद्घाटनाला आलं होतं का, पहिली गाडी कुणाची आली.

"आमचीच," सोनाबाई म्हणाली. "म्हशी इकल्या, सामान टेंपोत भरला नि त्याच रस्त्यानं खाली आलो. बरा केलाय गो बाय रस्ता. एक मडकं फुटलं नाय."